ताबा सुटतो तेव्हा

औषधांच्या दुकानात मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट मागायला कुणी आलं की दुकानदार विचारतो, "मीडियम की लार्ज?" पण त्याआधी घरात विचारायला हवा असा एक प्रश्न असतो: लघवी निसटते ती नेमकी कधी? खोकताना, की संडासाच्या दारापर्यंत पोचता पोचता? दिवसभर थेंब थेंब, की कपडे ओले झाल्यावरच कळतं? प्रत्येक उत्तरामागे वेगळं कारण असतं आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा. बऱ्याच घरांत हा प्रश्न कुणी विचारत नाही. "वय झालं, चालायचंच" एवढ्यावर विषय संपतो आणि पाकीट घरी येतं.

वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरं. पण तो म्हातारपणाचाच आहे असं नाही. नॉर्वेत २० वर्षांवरच्या सुमारे २८ हजार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा चौघींमागे एकीने लघवी निसटत असल्याचं सांगितलं. त्यांत तरुण आयाही होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण कमी असतं, तरी साठीनंतर प्रोस्टेटमुळे आणि त्या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर तेही या रांगेत येतात. जपानसारख्या वृद्धांच्या देशात बाजारच उलटा झाला आहे. तिथल्या ओजी होल्डिंग्ज या कंपनीने २०२४मध्ये देशांतर्गत बाळांचे डायपर बनवणं थांबवून मोठ्यांच्या डायपरवर भर द्यायचं जाहीर केलं.

डायपर वाईट नाही. योग्य वेळी तो माणसाला घराबाहेर पडू देतो. पण तो शेवटच्या साधनांपैकी एक आहे, आणि आपल्याकडे तो पहिला येतो. आधी तपास, मग उपचार, मग जे उरेल त्याची नीट सोय, असा क्रम या प्रकरणात धरला आहे.

मूत्राशय आणि त्याची दारं

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. मूत्रपिंडांकडून येणारी लघवी ती साठवते. साधारण १५० ते २०० मिलिलिटर जमले की पहिली जाणीव होते, ४०० ते ५००च्या आसपास मात्र जावंच लागतं. साठवण चालू असताना पिशवीचा स्नायू सैल आणि खालची झडप आवळलेली असते. जायची वेळ आली की उलट होतं, पिशवी आकसते आणि झडप उघडते. हा बदल केव्हा करायचा ते मेंदूचा पुढचा भाग ठरवतो. "आत्ता नको, पाहुणे बसलेत" हा निरोप तिथूनच कण्यातून खाली जातो. त्यामुळे मेंदू, कणा, नसा, पिशवी आणि झडप यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी बाहेरून दिसणारी गोष्ट एकच असते: ओला कपडा.

या सगळ्याला खालून आधार देतात कटितळाचे स्नायू. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय पेलून धरतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झालं की तिथले पडदे पातळ होतात. वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठ, लठ्ठपणा आणि जड उचलण्याची कामं तिच्यावर भार टाकत राहतात. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते, पुरुषाची १८ ते २०. आधार ढिला पडला की फटका कुणाला आधी बसतो, ते यावरून कळतं.

निसटण्याच्या तऱ्हा

पहिली तऱ्हा ताणाची. खोकला, शिंक, हसणं, पाण्याची कळशी उचलणं, जिना उतरणं. पोटावर दाब आला की थोडी लघवी निसटते, दाब गेला की थांबते. रात्री झोपेत हा त्रास सहसा होत नाही. अशा बऱ्याच जणींना "अंग बाहेर येतंय" असंही वाटत असतं. तेही डॉक्टरांना सांगायला हवं, कारण दोन्हींचं मूळ एकच असू शकतं.

दुसरी तऱ्हा घाईची. अचानक अशी कळ येते की थांबवता येत नाही. कुलपात किल्ली घालताना, नळाच्या पाण्याचा आवाज ऐकल्यावर किंवा गार फरशीवर पाय ठेवल्यावर हमखास. इथे झडप धड असते, पिशवीच वेळ नसताना आकसते. अर्धांगवायू, पार्किन्सन, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांत हे दिसतं, आणि कित्येकदा नेमकं कारण सापडतही नाही. पहिली आणि दुसरी तऱ्हा एकत्र असणंही नेहमीचं.

तिसरी भरून वाहण्याची. प्रोस्टेट वाढल्यामुळे वाट अडते किंवा जुन्या मधुमेहाने नसा बोथट होतात. पिशवी कधीच पूर्ण रिकामी होत नाही, भरली की कडेने थेंब थेंब गळत राहते. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, आणि जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटतं. ही तऱ्हा ओळखली नाही तर धोका मोठा, कारण साचलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांवर येतो. लघवी करून आल्यावर पोटाची सोनोग्राफी केली की आत किती उरली ते कळतं. तपासणी साधी, पण निम्मा निर्णय तिच्यावर होतो.

चौथी तऱ्हा पोचू न शकण्याची. पिशवी ठीक असते, पण गुडघे साथ देत नाहीत, पायजम्याची नाडी सुटत नाही, चष्मा सापडत नाही, किंवा विस्मरणामुळे संडास कुठे आहे तेच आठवत नाही. इथे गोळीपेक्षा घराची मांडणी जास्त काम करते. पलंगापासून संडासापर्यंत रात्री जळणारा छोटा दिवा, वाटेतली पायपुसणी काढून टाकणं, भिंतीला पकडायची दांडी, नाडीऐवजी इलॅस्टिक, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची किंवा पुरुषांसाठी हुकाला अडकवलेला पॉट, एवढ्याने काही घरांतली गळती बरीच कमी होते.

ही चौथी तऱ्हा घराबाहेरही आहे. संडास मिळणार नाही म्हणून एसटीच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. मुंबईत २०११मध्ये 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली ती याच गैरसोयीतून. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा तिचा एक मुद्दा होता. ज्या बाईला दर दोन तासांनी जावं लागतं, तिचं बाहेर पडणं वाटेत संडास आहे की नाही यावर ठरतं.

आधी गोळ्यांचा डबा उघडा

अचानक सुरू झालेला त्रास बऱ्याचदा तात्पुरता असतो. लघवीचा जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, साचलेला मळ, आजारपणातली गुंगी ही कारणं आधी तपासायची. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की जळजळ किंवा ताप असेलच असं नाही. एकाएकी असंबद्ध बोलणं, झोप झोप करणं आणि कपडे खराब होणं एवढंच दिसू शकतं.

मग गोळ्यांचा डबा. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठावं लागतं. ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, म्हणून लघवीही वाढते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, आणि आधीच आधार ढिला असलेल्या बाईला प्रत्येक ठसक्याला त्याची किंमत मोजावी लागते. अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ शकते. दिवसा पायांत साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर मूत्रपिंडांकडे परततं. उलट, सर्दीच्या काही गोळ्यांनी प्रोस्टेटवाल्या माणसाची लघवी पार अडू शकते. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मात्र डॉक्टरकडे जाताना डबा सोबत न्यावा.

तीन दिवसांची वही

मूत्राशयाचा तपास करण्याचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही, पेन आणि मापाचं प्लॅस्टिकचं भांडं. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता किती लघवी झाली, कधी निसटली आणि तेव्हा काय चाललं होतं, हे सलग ३ दिवस लिहायचं. समजा, ६७ वर्षांच्या एका काकूंची वही अशी आहे:

सकाळी ६ वाजता उठल्या, ३०० मिली. साडेसहाला चहा. पावणेआठला १००, "भांड्यांना नळ सोडला, पळत गेले, दारात थोडी झाली." साडेनऊला १२०. साडेदहाला १५०, "काही नाही." दुपारी दीडला १८०. चारला चहा, साडेचारला १३०, "फोन वाजत होता, थांबले, निसटली." सातला आणि दहाला मिळून ४२०. शेरा: "संध्याकाळी पायांवर सूज." झोपताना अर्धा तांब्या पाणी. साडेबाराला ३००, तीनला २८०.

बेरीज केली की दिवसाची लघवी १,१०० मिली भरते. रात्रीची, पहाटे उठल्यावरची पहिली धरून, ८८०. म्हणजे चोवीस तासांतली ४० टक्क्यांहून जास्त लघवी रात्री होते. उतारवयात हा वाटा एक तृतीयांशापेक्षा वाढला की डॉक्टर सूज, हृदय, झोपेतला श्वास आणि गोळ्यांच्या वेळा यांकडे पाहतात. दिवसाची गोष्ट निराळी. थोडीशी जमली की कळ येते आणि घाईत निसटते, ही दुसरी तऱ्हा. खोकताना किंवा उचलताना काही झाल्याची एकही नोंद नाही, तेव्हा ताणाची तऱ्हा जवळपास बाजूला पडते. नुसतं "रात्रंदिवस लघवीला जावं लागतं" असं सांगितलं असतं तर एवढं काही उमगलं नसतं.

वही लिहिणारे एक चूक हमखास करतात: पाणी तोडतात. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, पिशवीला चुरचुरते आणि कळ वाढते. बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवेत. बदलायची ती वेळ. बराचसा भाग दुपारपर्यंत, झोपेच्या दोन तास आधी जवळपास बंद. चहा-कॉफी कमी करून आठवडाभर वहीत काय फरक पडतो ते पाहावं. पायांवर सूज असेल तर दुपारी तास-दीड तास पाय उशीवर ठेवून पडावं, म्हणजे ते पाणी दिवसाच निघून जातं.

आवळणं आणि थांबणं

लॉस एंजेलिसमधले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८मध्ये कटितळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. आज ताणाच्या गळतीवर पहिला उपाय म्हणून तोच सुचवला जातो. करायला पैसे लागत नाहीत; अडचण एवढीच, की बहुतेक जणी चुकीचा स्नायू आवळतात. वारा सरू नये म्हणून गुदद्वार आवळतो आणि त्याच वेळी लघवी रोखल्यासारखं पुढूनही वर ओढतो, तो हा स्नायू. पोट, मांड्या आणि कुल्ले ढिले राहिले पाहिजेत, श्वास चालू राहिला पाहिजे. आवळून ५ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. असं किमान ८ वेळा, दिवसातून तीनदा. धरण्याचा वेळ हळूहळू १० सेकंदांपर्यंत न्यायचा. सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे, पण घाईत तोच राहतो. लघवी करता करता मध्येच धार थांबवण्याचा रोज सराव करू नये, त्याने पिशवी अर्धवट रिकामी राहण्याची सवय लागू शकते.

फरक दिसायला साधारण ३ महिने लागतात, आणि बहुतेक जणी पंधरा दिवसांत सोडून देतात. म्हणून तो एखाद्या ठरलेल्या कामाला जोडावा: सकाळी कुकरच्या शिट्टीची वाट पाहताना, दुपारी मालिका बघताना, रात्री अंथरुणावर. स्नायू सापडत नसेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावा. आवळणं जमलं की एक युक्ती लगेच कामाला येते. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हाच व्यायाम शिकवतात.

वजनाचा परिणामही मोजला गेला आहे. लठ्ठ स्त्रियांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००९मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. ६ महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरलेल्या गटात निसटण्याच्या वेळा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या, तुलनेच्या गटात २८ टक्क्यांनी. ८० किलोच्या बाईला ८ टक्के म्हणजे जवळपास साडेसहा किलो.

घाईच्या तऱ्हेत पिशवीला वळण लावायचं असतं. वहीवरून दोन खेपांमधलं अंतर काढायचं, समजा तासभर. मग कळ असो-नसो, दर तासाने जायचं. मध्येच कळ आली तर पळायचं नाही. जागीच उभं राहायचं किंवा बसायचं, चार-पाच वेळा भराभर आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग चालत जायचं. आठवड्याने अंतर १५ मिनिटांनी वाढवायचं. ३ ते ४ तासांपर्यंत पोचलं की जमलं. याला किमान ६ आठवडे द्यावे लागतात. विस्मरण झालेल्या माणसाला हे स्वतःहून जमणार नाही. तिथे घरातल्याने दर दोन तासांनी विचारायचं, सोबत न्यायचं, आणि कपडे कोरडे राहिले तर तसं बोलून दाखवायचं.

गोळ्या, नळी, शस्त्रक्रिया

घाईसाठी सॉलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन अशा गोळ्या मिळतात. त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि उतारवयात गोंधळलेपण वाढू शकतं, म्हणून विस्मरण असलेल्या माणसाला त्या देताना डॉक्टर बिचकतात. मिराबेग्रॉनला हा दोष नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. रजोनिवृत्तीनंतर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने काहींची घाई कमी होते. प्रोस्टेटला वेगळी औषधं आणि शस्त्रक्रिया आहेत. ताणाच्या गळतीवर मूत्रनलिकेखाली आधाराची पट्टी बसवतात. कृत्रिम जाळीच्या पट्ट्यांच्या तक्रारी वाढल्यामुळे इंग्लंडने २०१८मध्ये अशा शस्त्रक्रिया थांबवल्या होत्या, तेव्हा फायदे-तोटे दोन्ही विचारूनच होकार द्यावा.

पिशवी आपसूक रिकामीच होत नसेल तर दिवसातून काही वेळा नळी घालून ती रिकामी करायची आणि नळी काढून घ्यायची, ही पद्धत मिशिगनमधल्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२मध्ये मांडली. नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ हवी, हे त्यांचं म्हणणं तेव्हा धाडसाचं होतं. कण्याला इजा झालेली माणसं आज घरी, स्वतःच्या हाताने हे करतात. कायम ठेवलेल्या नळीत संसर्ग लवकर होतो. "डायपर बदलायचा त्रास नको" हे ती घालण्याचं कारण होऊ नये. नळी असेलच तर लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवावी, पण जमिनीला टेकू देऊ नये, आणि दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करावी.

डायपर, नीट

एवढं करूनही जे उरतं त्यासाठी पॅड आणि डायपर. पाळीचं पॅड लघवीला पुरत नाही. ते हळूहळू येणाऱ्या दाट स्रावासाठी बनलेलं असतं, लघवी पातळ आणि एकदम येते. थोड्या गळतीला लघवीसाठीचं वेगळं पॅड, हिंडत्याफिरत्या माणसाला चड्डीसारखा डायपर, अंथरुणाला खिळलेल्याला बाजूने चिकटपट्ट्यांचा. साइज कमरेच्या आणि कुल्ल्यांच्या मापावरून घ्यावा. मोठा घेतला की जास्त शोषतो हा गैरसमज आहे, तो मांडीपाशी गळतो. दोन डायपर एकावर एक घालणंही व्यर्थ, कारण आतल्याचा प्लॅस्टिकचा पाठचा थर खाली काही जाऊच देत नाही.

अंथरुणावरच्या माणसाचा डायपर बदलताना आधी सगळं हाताशी ठेवावं: नवा डायपर, कोमट पाण्याचं भांडं, मऊ सुती फडकी, मलम, हातमोजे, कचऱ्याची पिशवी. दार लावावं, अंगावर चादर असू द्यावी, आणि "बाबा, आता कुशीवर वळवते हं" असं सांगून मगच हात लावावा. पट्ट्या सोडून पुढचा भाग आत दुमडावा. स्त्री असेल तर पुढून मागे पुसावं, दरवेळी फडक्याचा नवा भाग घेऊन. मग एक हात पलीकडच्या खांद्यावर, एक कुल्ल्यावर ठेवून आपल्याकडे वळवावं. मागून स्वच्छ करून, टिपून, जुना डायपर गुंडाळत काढावा आणि नव्याची मधली रेघ पाठीच्या कण्याशी जुळवावी. पाठीवर आणल्यावर पुरुषाचं लिंग खालच्या दिशेला ठेवावं, नाही तर लघवी कमरेतून वर येते. खालच्या पट्ट्या आधी, किंचित वरच्या बाजूला तिरक्या. वरच्या नंतर, किंचित खाली. कमरेशी दोन बोटं शिरतील इतकी जागा, आणि मांडीची आतली झालर बोटाने बाहेर काढलेली. ही झालर आत दुमडलेली राहिली की रात्री चादर ओली झालीच.

कातडी जपणं हे याहून महत्त्वाचं. लघवीतल्या युरियापासून अमोनिया होतो, कातडीचा आम्लपणा जातो. त्यात शौच मिसळलं तर त्यातले पाचकरस कातडी अक्षरशः खातात. म्हणून शौच झालं की लगेच बदलायचं, लघवीसाठी ठरावीक तासांनी पाहायचं. "एवढा महाग आहे, अजून भरला नाही" असा हिशेब कातडीच्या जिवावर होतो. रोजच्या कडक साबणाने घासू नये, टिपून कोरडं करावं. वर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावावं. जाड थर दिला तर तेच डायपरला चिकटतं आणि शोषण घटतं. पावडर नको, ओलीत तिचे गोळे होऊन कातडी घासली जाते. माकडहाडापाशी, टाचेवर लाली दिसली आणि बोटाने दाबल्यावर ती फिकट झाली नाही, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी.

खर्च लहान नाही. एक डायपर ४० रुपयांना आणि दिवसाला ३ धरले तरी महिन्याला ३,६०० रुपये होतात. दिवसा वेळेवर संडासाला नेणं, अंथरुणात सुती घड्या आणि मेणकापड, डायपर फक्त रात्री व बाहेर जाताना, अशी विभागणी केली की खर्चही उतरतो आणि कातडीला हवाही मिळते.

वापरलेला डायपर संडासात टाकायचा नाही आणि उघडा फेकायचाही नाही. घनकचरा नियमांनुसार तो गुंडाळून, वेगळा ओळखू येईल असा द्यायला हवा. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत रुजवली. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला त्या ठिपक्यावरून आत काय आहे ते उघडायच्या आत कळतं.

शौचावरचा ताबा

यावर लोक लघवीहूनही कमी बोलतात. म्हाताऱ्या माणसाला पातळ शौच थोडं थोडं, नकळत होत असेल तर जुलाब समजून बंद करायची गोळी दिली जाते. कित्येकदा आत कडक मळाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ तेवढं वाट काढत असतं. तिथे ती गोळी दुखणं वाढवते. डॉक्टर तपासून गोळा काढतात, मग बद्धकोष्ठावर उपचार. जेवणानंतर आतडी हलतात, म्हणून नाश्त्यानंतर २०-३० मिनिटांनी रोज ठरलेल्या वेळी कमोडवर बसवावं, पायांखाली छोटं स्टूल द्यावं, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. शौच खरोखर पातळ असेल तर इसबगोलाने ते बांधलं जातं, मात्र सोबत पाणी पुरेसं हवं.

घरातलं बोलणं

आधी माणूस स्वतःच आवरतं घेतो. भजनी मंडळ सुटतं, हळदीकुंकवाला जाणं सुटतं, "मला सोवळ्यात बसवत नाही" म्हणून पूजा सुटते, गणपतीला गावी जाणं टळतं. घरच्यांना वाटतं, आई हल्ली कशात रमत नाही. ओल्या साड्या कपाटामागे लपवलेल्या सापडतात तेव्हा कुठे उलगडा होतो. त्या वेळी पहिलं वाक्य काय निघतं, याला महत्त्व आहे. "आई, परत केलंत?" असं चारचौघांत विचारलं की पुढच्या वेळी साडी अधिक खोल लपवली जाते. "आई, डॉक्टरांना विचारू या, यावर औषध असतं" असं एकटीला गाठून सांगितलं तर बोलणं सुरू होतं. डायपरला घरात दुसरं काहीही म्हणा, पण मोठ्या माणसाशी बाळासारखं बोलू नका.

करणाऱ्याचाही विचार हवा. हे काम बहुतेक घरांत सुनेवर, बायकोवर किंवा ब्यूरोतून आलेल्या मावशींवर पडतं. रात्रीची एक पाळी मुलाने घ्यावी. मावशींना वेळा, मलम आणि कूस बदलण्याचा तक्ता भिंतीवर लिहून द्यावा. पलंग कंबरेइतका उंच असला तर वाकून वाकून त्यांची पाठ जात नाही. करणारा माणूस थकला की आवाज चढतो, आणि त्याचा ताण ज्याच्यावर पडतो त्याची कळ आणखी वाढते.

डॉक्टरांकडे जाताना

काही वेळा थांबायचं नसतं. लघवीत रक्त, पोट फुगून लघवी पूर्ण अडणं, ताप आणि थंडी, कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवी-शौचाचा ताबा एकाएकी जाणं, किंवा हातापायातली शक्ती जाणं. यांत त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. आणखी एक त्रिकूट लक्षात ठेवावं: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, वाढतं विस्मरण आणि लघवी निसटणं. मेंदूतलं पाणी साठून असं होऊ शकतं. सालोमोन हाकीम आणि रेमंड अ‍ॅडम्स यांनी १९६५मध्ये हा आजार वर्णन केला, आणि नळी बसवून काही रुग्णांची चाल व ताबा परत येतो. एरवी हाच माणूस "म्हातारपण" म्हणून अंथरुणाला लागला असता.

बाकी सगळ्यांनी एका कागदावर पाच ओळी लिहून न्याव्यात. कधीपासून, काय करताना निसटते, रात्री किती वेळा उठावं लागतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि या त्रासामुळे काय करणं बंद झालं आहे. सोबत ३ दिवसांची वही. पाचव्या ओळीला बरेच जण संकोचतात, पण उपचार किती आणि कुठवर करायचा ते तिच्यावरूनच ठरतं: कुणाला पुन्हा रात्रभर झोपायचं असतं, कुणाला फक्त नातीच्या लग्नात चार तास निर्धास्त बसायचं असतं. मीडियम की लार्ज, हे या कागदानंतर ठरवायचं.